चेक इंजिन लाइट लागला? फोन आणि ओबीडी अ‍ॅडॅप्टर वापरून जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी कशी तपासायची?

माझ्याकडे १९९९ मॉडेलची माझदा एमएक्स-५ मियाटा आहे. दोन सीट, उघडं छत, मागच्या चाकांना ताकद आणि वजन साधारण एक टन. मी न्यू जर्सीत नोकरी करतो, आणि ही सेकंड हँड गाडी माझ्या लॅपटॉपपेक्षा वयाने खूप मोठी आहे. मागच्या हिवाळ्यात हायवेवर तिचं इंजिन अचानक थडथडायला लागलं आणि मीटरवरचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. गॅरेजमध्ये नेली तर एस्टिमेट हातात आलं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, दोन्ही कॉइल आणि ऑक्सिजन सेन्सर, मिळून एकोणीसशे डॉलर. गाडीच्या किमतीच्या जवळपास निम्मे!

शेवटी दुरुस्ती झाली ती प्लगच्या वायरींचा एक सेट बदलून. खर्च चाळीस डॉलरच्या आत. हे कसं जमलं आणि मी कुठे चुकलो, ते आज सविस्तर पाहूया. उदाहरण मियाटाचं असलं तरी पद्धत तुमच्या घरच्या हॅचबॅकलाही लागू पडते.

ओबीडी म्हणजे काय?

ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःची तब्येत स्वतः तपासण्याची व्यवस्था. इंजिनचा कंप्युटर सेन्सरकडून सतत माहिती घेतो आणि काही बिनसलं की एक कोड साठवून दिवा लावतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या नव्या कारमध्ये ओबीडी-२ सक्तीचं आहे. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी ते २००१ पासून आलं, तर भारतात बीएस-४ कारसाठी १ एप्रिल २०१३ पासून. म्हणजे बाबांची दहा वर्षं जुनी कार असेल, तरी ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असणारच.

त्या सॉकेटमध्ये ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर लावायचा, फोनला जोडायचा आणि अ‍ॅप उघडायचं. टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखी अ‍ॅप सुरुवातीला पुरेशी आहेत.

अ‍ॅडॅप्टर घेताना काय बघायचं?

- चिप: बाजारातल्या बहुतेक स्वस्त अ‍ॅडॅप्टरवर ईएलएम३२७ लिहिलेलं असतं. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपी-संरक्षण नव्हतं, त्यामुळे नकला सुटल्या. नकली चिपवर मोठा व्हर्जन नंबर छापलेला असला तरी अनेक कमांड तिला कळत नाहीत. साधे कोड वाचायला ती चालून जाते, पण जुन्या गाडीशी बोलताना अडखळू शकते.
- फोन: अँड्रॉइडवर साधं ब्लूटूथ चालतं. आयफोनसाठी ब्लूटूथ एलई किंवा वायफाय अ‍ॅडॅप्टर लागतो.
- परवानग्या: अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी द्यावी लागायची, त्यामुळे ती मागितली तर घाबरू नका. पण कॉन्टॅक्ट्स आणि एसएमएस मागणारं अ‍ॅप सरळ काढून टाका.
- काम झाल्यावर काढून ठेवा: लावून ठेवलेला अ‍ॅडॅप्टर बॅटरी खात राहतो. शिवाय अनेक अ‍ॅडॅप्टरचा पेअरिंग पिन १२३४ असतो, म्हणजे शेजारचाही जोडून बघू शकतो.

फोन आणि गाडी एकमेकांशी काय बोलतात?

माझ्यातल्या इंजिनिअरला हा भाग सगळ्यात आवडला. फोन गाडीला विचारतो ‘०१०सी’, म्हणजे आरपीएम किती? गाडी उत्तर देते ‘४१ ०सी ०डी २०’. शेवटचे दोन आकडे हेक्समध्ये आहेत: ०डी म्हणजे १३ आणि २० म्हणजे ३२. पहिल्याला २५६ ने गुणा, दुसरा मिळवा आणि ४ ने भागा. उत्तर ८४०. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना हा आकडा बरोबर वाटतो.

तापमान तर याहून सोपं. ‘०१०५’ ला ‘७ए’ असं उत्तर आलं, तर १२२ मधून ४० वजा करा. कूलंट ८२ अंशांवर आहे. अ‍ॅपमधले चकचकीत मीटर आतून एवढंच गणित करतात.

माझी मियाटा आयएसओ ९१४१-२ ही जुनी भाषा बोलते. तिचा वेग सेकंदाला साधारण १०,४०० बिट. आजच्या गाड्यांतलं कॅन नेटवर्क सहसा ५ लाख बिटवर चालतं. त्यामुळे जुन्या गाडीत एका वेळी दोन-तीनच मीटर स्क्रीनवर ठेवा, नाहीतर सगळेच रेंगाळतील.

नेहमी दिसणारे कोड

- पी०३००: मिसफायर, पण कुठल्या सिलिंडरमध्ये ते नक्की नाही.
- पी०३०१ ते पी०३०४: शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर.
- पी०१७१: इंधनाच्या मानाने हवा जास्त. कुठूनतरी हवा गळते आहे, सेन्सर चुकतो आहे किंवा पेट्रोल कमी पोचतं आहे.
- पी०१२८: इंजिन वेळेत गरम होत नाही. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो.
- पी०४२०: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा संशय.
- पी०४४२, पी०४५५: पेट्रोलची वाफ गळते आहे. आधी टाकीचं झाकण घट्ट लावून बघा!

आणि एक नियम पाठच करा. दिवा स्थिर असेल तर लवकर तपासा. दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि सुरक्षित जागी थांबा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजला जातोय. मला हे तेव्हा माहीत नव्हतं आणि मी तशीच तीस मैल गाडी हाकली. गॅरेजच्या एस्टिमेटमधला कन्व्हर्टर खरा ठरला असता, तर दोष माझा असता.

कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पी०४२० आला म्हणून कन्व्हर्टर मागवायचा, पी०३०२ आला म्हणून कॉइल मागवायची, हे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे. कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो. कारण आपणच शोधायचं.

माझ्या गाडीत एकच कोड होता: पी०३०२. दुसरा सिलिंडर. आता गंमत बघा. या इंजिनात चार सिलिंडरना दोनच कॉइल आहेत. एक कॉइल १ आणि ४ ला ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला. कॉइल मेली असती तर सहसा २ आणि ३ दोघांनीही तक्रार केली असती. तीन तर मजेत चालला होता!

त्याच रात्री सांगलीला बाबांना फोन केला. बाबांनी वीस वर्षं चेतक चालवली, आणि ती बंद पडली की प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. ते म्हणाले, “अरे, आधी प्लग काढून बघ की. लगेच काय पार्ट मागवत बसतोस?”

म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मी अदलाबदल केली. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग तिसऱ्यात, तिसऱ्याचा दुसऱ्यात. कोड पुसला, गाडी चालवली. बिघाड प्लगमध्ये असता तर आता पी०३०३ दिसला असता. पुन्हा पी०३०२ च आला, म्हणजे प्लग निर्दोष. मग मल्टिमीटर घेऊन वायरींचा रेझिस्टन्स मोजला. तीन वायरींचे आकडे किलो-ओममध्ये आले. दुसरीवर मीटर काहीच दाखवेना. वायर आतून तुटलेली होती.

आम्ही सॉफ्टवेअरमध्ये बग असाच शोधतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल बघायचा. प्लग, वायर आणि कॉइल एकदम बदलले असते तर गाडी सुधारली असती, पण चूक कोणाची होती ते कधीच कळलं नसतं.

लाइव्ह डेटामधला उपयोगी आकडा: फ्यूएल ट्रिम

कंप्युटर ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, ते हा आकडा सांगतो. दोन्ही बाजूंना १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण ठीक. गाडी उभी असताना खूप अधिक आणि २५०० आरपीएमला पुन्हा ठीक होत असेल, तर एखाद्या फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपवर संशय घ्या. उलट, लोड वाढला की आकडाही वाढत असेल, तर फ्यूएल फिल्टर आणि पंपाकडे बघा.

कोड पुसण्याची घाई करू नका

माझी दुसरी चूक. वायरी बदलल्या, आनंदाच्या भरात कोड पुसला आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी तपासणीला गेलो. गाडी नापास! कोड पुसला की गाडीच्या आतल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. न्यू जर्सीत तपासणीच्या वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त चाचण्या अपूर्ण असतील तर गाडी परत पाठवतात. शहरात आणि हायवेवर मिळून आठवडाभर चालवल्यावर चाचण्या पूर्ण झाल्या, आणि मगच पास झालो. पी०४२० आला नाही, म्हणजे कन्व्हर्टरही वाचला.

म्हणून पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा. त्यात फ्रीझ फ्रेमही असू द्या. बिघाड झाला त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि तापमान तिथे नोंदलेलं असतं. कोडबरोबर तेही जातं.

पार्ट मागवताना

- मॉडेलच्या नावावर नाही, १७ अक्षरी व्हीआयएनवर पार्ट शोधा. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी पार्ट बदललेले असतात.
- जुन्या पार्टवरचा नंबर फोटो काढून ठेवा. त्या नंबरलाही अर्थ असतो. उदाहरणार्थ, एनजीके बीकेआर५ई-११ या प्लगमधलं शेवटचं ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप.
- किंमत संशयास्पद वाटावी इतकी कमी असेल तर थांबा. प्लग आणि फिल्टरच्या नकला सगळीकडे मिळतात.
- टॉर्क रेंच विकत घ्या. या मियाटाचे व्हील नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. हाताचा अंदाज इथे चालत नाही.

फोनला जे दिसत नाही

ओबीडी प्रामुख्याने इंजिन आणि प्रदूषणापुरतं बघतं. ब्रेक पॅड झिजले, टायर म्हातारे झाले, कूलंटचा पाइप फुगला, तर अ‍ॅप गप्पच राहील. या मियाटात आणखी दोन जागा हाताने तपासाव्या लागतात. छताच्या मागच्या कोपऱ्यातली पाणी निघायची भोकं कचऱ्याने तुंबतात आणि पाणी साचून खालचा पत्रा गंजतो. क्लचचा स्लेव्ह सिलिंडरही गळतो. पेडल मऊ लागलं की आधी क्लच ऑइलची पातळी बघा.

आणि काही कामं घरी करू नका. एअरबॅगला हात लावू नका. ब्रेकचं काम पहिल्यांदा जाणत्या माणसासोबतच करा. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, अगदी ‘दोन मिनिटांसाठी’ सुद्धा नाही. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना अडण लावा आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी स्टँड ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही उघडण्याआधी अटी वाचा.

बाकी कोड वाचण्यासाठी काहीच उघडावं लागत नाही. या रविवारी घरच्या गाडीचं सॉकेट शोधा, अ‍ॅडॅप्टर लावा आणि गाडी ठणठणीत असतानाचे आकडे स्क्रीनशॉट काढून ठेवा. उद्या ती आजारी पडली, तर तुलना करायला तेच उपयोगी पडतील. गॅरेजमध्येही मग ‘दिवा लागलाय’ एवढंच सांगण्याऐवजी ‘दुसऱ्या सिलिंडरची वायर तपासा’ असं सांगता येईल.