वरण मूळचे, आमटी मुक्कामाची

मराठीत पाकक्रियेवर जी अगदी आरंभीची छापील पुस्तके निघाली, त्यांपैकी एक रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे होय. ते 1875 साली प्रसिद्ध झाले व त्याचे नाव ‘सूपशास्त्र’. आजच्या वाचकाला हे नाव काहीसे चमत्कारिक वाटेल. सूप म्हटले की धान्य पाखडण्याचे सूप डोळ्यांपुढे येते. परंतु ते संस्कृत ‘शूर्प’ या शब्दापासून आलेले आहे. गुप्ते यांच्या ग्रंथनामातील सूप निराळे. ते म्हणजे शिजवलेली डाळ. संस्कृतात आचाऱ्याला ‘सूपकार’ म्हणत. पक्वान्ने कितीही येवोत, ज्याला डाळ नीट शिजवता येते तोच आचारी, अशी या शब्दाची साक्ष आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एका पुरुषाच्या जेवणाचा शिधा सांगितला आहे, त्यातही हेच दिसते. एक प्रस्थ तांदूळ, त्याच्या चौथाईने सूप, सूपाच्या सोळाव्या हिश्शाइतके मीठ आणि वर तूप अथवा तेल. भात, वरण, मीठ, तूप ही चौकडी आपल्या पानावर आजही येते.

असे असूनही, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांत डाळीइतका वाद दुसऱ्या कशावरून होत नाही. बडोद्याची मुलगी बेळगावच्या घरी सून म्हणून येते, आमटीत गुळाचा खडा अंमळ मोठा टाकते, आणि सासूबाई म्हणतात, “हे काही आपले वरण नव्हे!” इंदूरचा पाहुणा फोंड्यात जेवायला बसतो आणि नारळ घातलेली डाळ पाहून मनात तेच म्हणतो. मग आपले वरण कोणते? हा प्रश्न केवळ जिभेचा नाही. दूरच्या मुलखात मराठीपण कशात राहिले आणि कशात बदलले, हाच त्यातील खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर डाळ शिजवण्याच्या रीतीतच दडलेले आहे.

आपली डाळ दोन पायऱ्यांनी सिद्ध होते. प्रथम ती नुसत्या पाण्यात हळद-हिंग घालून मऊ शिजवावयाची व घोटावयाची. नंतर तिला फोडणी, मसाला आणि आंबट द्यावयाचे. हा क्रम लहरीने ठरलेला नाही. डाळीच्या दाण्यातील सूक्ष्म पेशी ज्या द्रव्याने एकमेकींस चिकटलेल्या असतात, ते पेक्टिन उकळत्या पाण्यात सुटते, तेव्हा डाळ विरघळते. चिंच किंवा आमसूल आधीच पडले तर आम्लामुळे हे द्रव्य सुटत नाही आणि दाणा टणक राहतो. विहिरीचे जड पाणीही त्यातील चुन्याच्या अंशामुळे तोच त्रास देते. म्हणून आंबट नेहमी मागाहून. परिणाम असा, की पहिली पायरी सर्वत्र जवळजवळ सारखी राहिली आणि स्थळाचा जो काही संस्कार व्हावयाचा तो दुसऱ्या पायरीवर झाला. वरण मूळचे राहिले. आमटी मुक्कामाची झाली.

पहिल्या पायरीचे वय पाहू गेल्यास आपण फार मागे जातो. नर्मदेकाठी महेश्वरच्या समोर नावडातोली म्हणून स्थळ आहे. तेथे पुण्याचे डेक्कन कॉलेज व बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली 1952-53 मध्ये व पुन्हा 1957 ते 1959 या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील त्या वस्तीत गहू-तांदळाबरोबर मसूर, वाटाणा, लाख अशी कडधान्ये जळक्या दाण्यांच्या रूपाने सापडली. ज्या घाटावर पुढे अहिल्याबाईंची राजधानी नांदली, त्याच्या पैलतीरी तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी चुलीवर डाळ शिजत होती!

त्याहून जवळची साक्ष कल्याणीची, म्हणजे आजच्या बसवकल्याणची. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा प्रचंड ग्रंथ रचला. त्याच्या अन्नभोग प्रकरणात डाळी मंद आचेवर शिजवून त्यांना हळद व हिंगाचे पाणी देण्याची रीत आली आहे. आपले गोडे वरण याहून फारसे निराळे नाही. येथे ‘गोडे’ म्हणजे साखरेचे नव्हे, तर तिखट-आंबटावाचूनचे. देवाच्या नैवेद्याला हेच वरण लागते. मिरची व टोमॅटो ही दोन्ही अमेरिका खंडातून आलेली झाडे आहेत, आणि नैवेद्याच्या वरणात दोहोंनाही स्थान नाही. पानावरचा हा सर्वांत जुना थर आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तेलंगणात तोच थर ‘मुद्दपप्पू’ या नावाने भातावर येतो. तेव्हा साधे वरण एकट्या मराठी माणसाचे, असा अभिमान धरण्याचेही कारण नाही. ते साऱ्या दख्खनचे आहे.

आता दुसरी पायरी, आणि तिचा आरंभ गोव्यापासून केलेला बरा. कारण मिरचीने दख्खनचा उंबरठा ओलांडला तो येथेच. 1510 मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले आणि त्या शतकात त्यांच्या गलबतांतून मिरचीही आली. तोवर तिखटाचे काम मिरी करीत होती. म्हणून नव्या फळाला मराठीने मिरीवरूनच ‘मिरची’ व कोंकणीने ‘मिरसांग’ असे नाव दिले. गोव्याच्या डाळीत खोबरे आले, सोलां आली, तेफळांचा वास आला. परंतु सारस्वतांच्या घरी जी ‘दाळीतोय’ होते, तिचे नावच पाहा. तोय म्हणजे पाणी. हिंग, हिरवी मिरची व कढीपत्ता यांवर भागणारी ही डाळ मूळच्या वरणापासून एकच पाऊल पुढे आहे.

घाट चढून बेळगावास आलो की कटाची आमटी भेटते. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचे पाणी, म्हणजे कट, टाकून न देता त्यातच गरम मसाला, चिंच व गूळ घालावयाचा. होळीच्या दिवशी मराठी घरात कटाची आमटी आणि शेजारच्या कन्नड घरात ‘कट्टिन सारू’ एकाच वेळी उकळत असतात. सीमेचा वाद राज्याराज्यांत असेल. त्या दोन पातेल्यांत तो शिरलेला नाही.

हैदराबादकडे चिंचेचे राज्य. 1956 पर्यंत मराठवाडा त्या संस्थानाचा, व पुढे त्या राज्याचा भाग होता. त्यामुळे मराठवाड्यातील आंबट वरण आणि हैदराबादी खट्टी दाल यांच्यात सोयरीक दिसावी, हे साहजिक आहे. बडोद्यात 1734 पासून गायकवाडांचा अंमल स्थिरावला. तेथील मराठी आमटीने गुजराती डाळीचा गूळ, कोकम आणि शेंगदाणे आपलेसे केले. माळव्यात बाफल्यांशी गाठ पडली. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजावयाचे, तुपात बुडवावयाचे आणि डाळीशी खावयाचे. इंदूरच्या मराठी पंगतीत ते परके राहिले नाहीत. ग्वाल्हेरीस, जेथे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी आणली, चिंचेच्या जागी आमचूर आणि वरून ओतलेली तुपाची जिऱ्याची फोडणी आली.

राहिले तंजावर, आणि तेथे थोडे थांबावे लागते. अशी कथा सांगतात की, शहाजीराजांच्या (कारकीर्द 1684 ते 1712) मुदपाकखान्यात आमसुले संपली, म्हणून आमटीत चिंच घातली गेली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून तिला ‘सांबार’ म्हणू लागले. कथा गोड आहे, मराठी मनाला सुखावणारी आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही. संभाजीराजांचा अंत 1689 मध्ये झाला. म्हणजे ही भेट मधल्या पाच वर्षांत व्हावयास हवी, आणि तेव्हा ते मोगलांशी निकराने झुंजत होते. दुसरे असे की, आमसूल हे कोकणचे आंबट; देशावरच्या आमटीत चिंचच पडते. भोसले देशावरचे आणि व्यंकोजीराजे बंगळुरात वाढलेले. त्यांच्या घरचा आचारी आमसुलावाचून अडून बसला असेल, हे संभवत नाही. तिसरे, तमिळमध्ये ‘पुळि’ हा शब्द चिंच व आंबट या दोन्ही अर्थांनी चालतो. त्या मुलखाला चिंच आपण शिकवावी अशी स्थिती नव्हती. आणि चौथे, ‘संभार’ म्हणजे गोळा केलेली सामग्री, मसाल्याचे साहित्य. विदर्भात आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात. या नावासाठी कोणा राजाची गरज नाही.

कथा सोडली म्हणून तंजावरचे मोठेपण उणे होत नाही. भोजनकुतूहल हा संस्कृत ग्रंथ लिहिणारे रघुनाथ नवहस्त हे सतराव्या शतकातील महाराष्ट्रीय पंडित त्याच दरबाराशी संबंधित होते. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (1798 ते 1832) नावाचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहे. परमुलखातील मराठी घराण्याने स्वयंपाक लिहून ठेवण्याजोगा मानला, हा अभिमान कथेपेक्षा भक्कम आहे.

1959 साली भारतात घरोघरच्या वापराचे प्रेशर कुकर बाजारात येऊ लागले आणि पहिल्या पायरीवरची ताटकळ संपली. पायरी मात्र राहिली. आजही डाळ आधी शिजते, आंबट मागाहून पडते. पुसली जाण्याची भीती आहे ती दुसऱ्या पायरीला. तिचे प्रमाण आजींच्या चिमटीत आहे, आणि तयार मसाल्याच्या पुड्या बेळगावात आणि ग्वाल्हेरीत एकच मिळतात. गुळाचा खडा केवढा, सोलां किती, फोडणी आधी की वरून, एवढेच घरातील वडीलधाऱ्या बाईंना विचारून, त्यांचे माहेर, सासर व साल यांसह वहीत उतरवावे. सासूबाईंनी नाक मुरडलेला तो मोठा खडाही त्यात लिहावा. सूनबाई कोणत्या वाटेने आल्या, याची तेवढी एकच नोंद पुढे उरणार आहे.