रक्ताचा गोंद, हवेची गळती

धुळ्याचे शासकीय रुग्णालय असो की जळगावचे सिव्हिल, छातीत नळी टाकलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांची नजर खाटेखालच्या बाटलीवर खिळलेली असते. पाण्यात बुडबुडे येत असतील तर फुप्फुसातून हवा गळते आहे, थांबले तर छिद्र बुजत आले आहे, एवढे त्यांना दोन दिवसांत कळून चुकते. ही पाण्याची बाटली हॅम्बर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊने १८७५च्या सुमारास छातीतला पू काढण्यासाठी रूढ केली. हवेला बाहेर पडू द्यायचे, आत शिरू द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. तिला गळती दिसते, बुजवता येत नाही. बुजवण्यासाठी आला तो शल्यक्रियेतला गोंद. त्याचे कूळ पाहिले की त्याच्या मर्यादाही उलगडतात, कारण हा गोंद मुळात हवेसाठी जन्मलाच नव्हता.

त्याचा मूळ पुरुष फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारे तंतू. १९०९ साली बेर्गेल या डॉक्टरने फायब्रिनची भुकटी रक्तस्राव थांबवायला वापरली. १९४० मध्ये यंग आणि मेडावर या शास्त्रज्ञांनी तुटलेल्या मज्जातंतूंची टोके रक्तद्रवाने जोडून पाहिली. १९४४ साली रक्तातले फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनचा कच्चा माल, आणि त्याचे तंतू बनवणारे थ्रॉम्बिन एकत्र करून त्वचेची कलमे चिकटवली गेली, पण पकड कच्ची राहिली. फायब्रिनोजेन पुरेसे घट्ट करून वापरण्याची युक्ती १९७२ मध्ये व्हिएन्नाच्या शल्यविशारद हेलेन मात्रास यांच्या कामातून पुढे आली आणि युरोपात हा गोंद बाजारात उतरला. अमेरिकेची वाट मात्र अडली. अनेक दात्यांच्या रक्तातून काढलेल्या फायब्रिनोजेनमधून कावीळ पसरते म्हणून तिथे १९७७ मध्ये त्याचा परवाना काढून घेतला गेला. तयार फायब्रिन गोंदाला मान्यता मिळायला १९९८ उजाडले, तीही रक्तस्रावासाठी. फुप्फुसाच्या गळतीसाठी वेगळा गोंद आला तो त्यानंतर: २००० साली प्रकाशाने घट्ट होणारा फोकलसील, २०१० मध्ये मानवी अल्ब्युमिन आणि पॉलिइथिलिन ग्लायकॉल यांचा प्रोजेल.

वंशातला हा बदल अपरिहार्य होता. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणारा आधी हवा सोडतो, जागा कोरडी करतो, घासतो, मग ठिगळ लावतो. शल्यविशारदाला यातले काही धड जमत नाही. फुप्फुस ओलसर, आणि शस्त्रक्रिया संपताच ते प्रत्येक श्वासाला फुगणार आणि आकसणार. रक्ताची गुठळी स्थिर जखमेवर बसते, ताणल्या जाणाऱ्या पृष्ठभागावर तिची साल सुटते. म्हणूनच नव्या गोंदांचा भर लवचिकपणावर आहे. त्याचा उपयोगही दिसतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या १६१ रुग्णांच्या चाचणीत प्रोजेल लावलेल्यांपैकी ३५ टक्के जणांना शस्त्रक्रियेनंतर गळती झालीच नाही. गोंद न लावलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. दुसऱ्या बाजूने वाचले तर गोंद लावूनही तीनांतल्या दोघांची बाटली बुडबुडलीच. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१०च्या आढाव्यात १६ चाचण्या होत्या. बहुतेकींत गळतीचे पारडे गोंदाकडे झुकले, पण रुग्णालयातला मुक्काम स्पष्टपणे घटला तो फक्त तीन चाचण्यांत.

यावर कुणी म्हणेल, मुक्काम एका दिवसाने घटला तरी गोंदाची किंमत वसूल होते. चोपड्याहून किंवा साक्रीहून मुंबईला नेलेल्या रुग्णासोबत घरातला एक माणूस मजुरी बुडवून बसलेला असतो, तेव्हा दिवसाचा हिशेब खोटा नाही. पण तो दिवस वाचतोच असे पुराव्याने सांगता येत नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना गोंद लावणे मला पटत नाही. टाके आणि स्टेपल नीट घालूनही टेबलावरच हवा सुटताना दिसते, किंवा विड्यांनी फुप्फुस चाळणीसारखे झाले आहे, अशांसाठी तो राखावा. क्षयाने कुजलेल्या, पू भरलेल्या छातीत तर नुसत्या गोंदावर विसंबणे चूक. तिथे संसर्ग आवरून जिवंत स्नायूचा तुकडा छिद्रावर बसवावा लागतो.

आणि ज्यांची गळती पाच-सात दिवसांनीही थांबत नाही, त्यांच्यासाठी याच कुळातली एक गरीब शाखा आहे, जिला कारखाना लागत नाही: रुग्णाचेच रक्त. १९८७ मध्ये रॉबिन्सन या डॉक्टरने आपोआप फुप्फुस फुटलेल्या रुग्णांवर ते वापरल्याचे लिहिले. २००६ साली लिव्हरपूलच्या शल्यविशारदांनी फुप्फुसाचा खंड काढलेल्या २० जणांवर चाचणी घेतली. शिरेतून १२० मिलिलिटर रक्त काढून लगेच नळीवाटे छातीत सोडले, तर गळती लवकर थांबली आणि माणसे लवकर घरी गेली. त्या रक्तात फायब्रिनोजेनही असते, थ्रॉम्बिनही तिथेच तयार होते. म्हणजे पेटीतून येणाऱ्या महाग गोंदाचा हा सख्खा भाऊच. वीस जणांवरून निकाल देता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे, आणि विकायला काही नसल्याने मोठी चाचणी घ्यायला कंपन्याही पुढे येणार नाहीत. धोका दोन गोष्टींचा: जंतुसंसर्ग, आणि नळीत रक्त गोठून ती तुंबली तर कोंडलेल्या हवेने फुप्फुस दाबले जाणे. म्हणूनच रक्त सोडल्यावर नळीला चिमटा लावत नाहीत. तिचा वेढा काही तास छातीच्या पातळीहून उंच टांगतात, म्हणजे रक्त परत उतरत नाही आणि हवेची वाट मोकळी राहते.