उंदीर पडले, गाव उठलं

आढ्यावरून उंदीर धपकन खाली पडायचा, झिंगल्यासारखा गोल फिरायचा आणि तिथेच मरायचा. "उंदीर पडले" एवढं कानावर आलं की सातारा-सांगली भागात लोक दाणागोटा, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण गाडीत टाकून माळावर झोपड्या घालायचे. प्लेगची साथ ओसरेपर्यंत गाव ओस.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथ पुण्यात आली, मग साऱ्या दख्खनमध्ये पसरली. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीला, सावित्रीबाई फुल्यांना, रुग्णसेवा करताना याच रोगाने गाठलं. 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्याच सुमारास पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी हुडकत होते. लोकांचा संताप रास्तच होता. माणसं धरली, घरं धुतली, पण पिसवा कोणाच्या हिशोबातच नव्हत्या. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, तेही बराच काळ कोणी मनावर घेतलं नाही.

पिसू रोग नेमका देते कसा, हे 1914 मध्ये लंडनच्या बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवलं. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी बारीक काट्यांची झडप असते. तिथे जंतूंचा चिकट थर साचतो आणि वाट बुजते. भुकेली पिसू चावत सुटते. रक्त आत जात नाही, ते जंतूंसकट उलटून जखमेत परततं.

हा थर म्हणजे बायोफिल्म, आणि तो धरावा की नाही हे जंतूची जनुकं ठरवतात. एचएमएस जनुकांमुळे साखरेच्या साखळ्यांचा चिकटा तयार होतो. एचएमएस-टी हे प्रथिन त्यासाठीचा रासायनिक निरोप बनवतं, एचएमएस-पी तो मोडतं. माणसाच्या अंगातल्या 37 अंशांवर यातली काही प्रथिनं टिकत नाहीत. पिसवेच्या 21 ते 26 अंशांवर काम जोरात चालतं. प्लेगच्या जंतूचा पूर्वज असलेल्या जंतूत आरसीएसए नावाचं जनुक या थराला आवर घालतं. प्लेगच्या जंतूत त्याच जनुकात 30 अक्षरं दोनदा उमटली आणि लगाम सुटला. शास्त्रज्ञांनी धड जनुक परत बसवलं, तेव्हा थर धरेनासा झाला.

दख्खनमध्ये साथ पावसाळ्यानंतर जोर धरायची आणि कडक उन्हाळ्यात ओसरायची, त्यामागे उष्ण हवेत पिसवेची वाट फारशी बुजत नाही हेही एक कारण. आणि उंदीर मेला की उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून गाव सोडणाऱ्यांचा अंदाज शास्त्राच्या आधीच बरोबर होता. त्यांच्या शहाणपणाची नोंद इतिहासाने फार कमी घेतली आहे.

1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्यात पुन्हा प्लेग दिसला, तेव्हाही आधी उंदीरच मेले होते. आज वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर रोगी बरा होतो. घरात, गोठ्यात अचानक उंदीर मरू लागले तर हात लावू नका, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.