रक्त गाळल्याने गुण आला, हे कसे ठरले?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे आजाराचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले. संशयितांची संख्या पुढे दोनशेवर गेली. या आजारात अनेकदा आधी पोट बिघडते, ते बरेही होते, आणि मग पायांतले बळ जाऊ लागते. जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे आपल्याच चेतातंतूंवर उलटतात. श्वासाचे स्नायू लुळे पडले, तर रुग्णाला श्वसनयंत्रावर ठेवावे लागते.

प्रतिपिंडे असतात रक्तद्रवात. मग तो द्रवच काढून टाकला तर? बाल्टिमोरमध्ये एबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ मध्ये कुत्र्यांचे रक्त काढून, रक्तद्रव वेगळा करून, पेशी पुन्हा शरीरात सोडल्या होत्या. १९७८ मध्ये जीबीएसच्या रुग्णावर असा उपचार केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. रुग्ण सुधारला.

पण या आजारातले बहुतेक रुग्ण आपोआपच सुधारतात! १९१६ मध्ये गीयाँ, बारे आणि स्ट्रोल यांनी वर्णन केलेले दोन सैनिकही असेच सुधारत गेले होते. तेव्हा उपचारानंतर गुण आला म्हणजे उपचाराने आला, असे म्हणता येत नाही. त्यासाठी उपचार न मिळालेला गटही हवा, आणि कोण कोणत्या गटात हे डॉक्टरांच्या मनावर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरायला हवे.

ब्रिटनमध्ये २९ रुग्णांवर अशी चाचणी झाली. १९८४ मध्ये निष्कर्ष आला, की लक्षणीय फायदा नाही. रुग्ण थोडे असले की खरा फरकही निसटू शकतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील २४५ रुग्णांच्या चाचणीने चित्र पालटले. आधाराविना चालू लागायला उपचार न मिळालेल्यांना साधारण ८५ दिवस लागले, मिळालेल्यांना ५३.

तरी शंका उरतेच. एवढे मोठे यंत्र लावल्याच्या दिलाशाने तर बरे वाटले नसेल? जीबीएसच्याच जातीच्या, पण रेंगाळणाऱ्या एका चेता-आजारासाठी मेयो क्लिनिकमधील डिक यांनी १९८६ मध्ये याचे उत्तर शोधले. १५ रुग्णांचा रक्तद्रव खरोखर बदलला. १४ जणांचे रक्त यंत्रातून फिरवून, पेशी व द्रव पुन्हा एकत्र करून, जसेच्या तसे परत दिले. सुया, नळ्या, यंत्राची घरघर, सगळे सारखेच! खऱ्या उपचाराच्या गटातील पाच जणांत जेवढी सुधारणा झाली, तेवढी नकली गटातील एकातही दिसली नाही.

१९९२ मध्ये हॉलंडमधील चाचणीत शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन तितकेच गुणकारी ठरले. ते देणे सोपे, पण फार महाग. म्हणून बांगलादेशात एक स्वस्त युक्ती करून पाहिली गेली: रक्ताची पिशवी टांगून ठेवायची, गढूळ पाण्यासारख्या पेशी खाली बसू द्यायच्या, वरचा द्रव टाकून पेशी परत द्यायच्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २० रुग्ण होते. पद्धत सुरक्षितपणे करता येते, एवढे त्यातून कळले. गुण तिनेच आला का, हे त्यातून सांगता येत नाही. तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता.