तपकिरी होण्याच्या दोन वाटा : बावची, मेंदी आणि साखरेचा एक रेणू

सूर्यप्रकाशाविना त्वचेला तपकिरी छटा देणाऱ्या प्रसाधनांवर हल्ली ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. गोरेपणाच्या मलमांची सवय झालेल्या आपल्या देशात हा विषय अनेकांना परका, किंबहुना गमतीचा वाटेल. परंतु या प्रसाधनांमागील रसायनशास्त्राचा इतिहास पाहिला तर त्यातील दोन महत्त्वाचे धागे भारतातून जातात, आणि ज्यांच्या त्वचेवर कोडाचे पांढरे डाग आहेत अशा माणसांसाठी हा प्रश्न हौसेचा मुळीच नाही.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. त्वचा तपकिरी करण्याच्या दोन मूलतः भिन्न वाटा आहेत. एका वाटेत रंग त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरावर चढतो. दुसऱ्या वाटेत प्रकाशाच्या साहाय्याने जिवंत पेशींना डिवचून त्यांच्याकडून रंग निर्माण करवून घेतला जातो. वनस्पतींनी माणसाला या दोन्ही वाटा दिल्या. ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द मात्र त्यांतील फरक झाकून टाकतो.

प्रारंभ दुसऱ्या वाटेपासून करू. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये श्वित्र म्हणजे कोडावरील औषधांत बाकुचीचा, म्हणजेच आपल्या बावचीचा उल्लेख येतो. इकडे बावची, तर इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यात उगवणारी ‘आत्रीलाल’ ही वनस्पती. तेराव्या शतकातील वनस्पतिज्ञ इब्न अल्‌-बैतार याने तिचे चूर्ण घेऊन रुग्णाने उन्हात बसावे, असे लिहून ठेवले आहे. औषध आणि ऊन ही जोडी आवश्यक आहे, हे निरीक्षण त्या काळात झाले होते. कारण मात्र ठाऊक नव्हते.

कारणाकडे जाणारे पहिले पाऊल भारतात पडले. 1933 मध्ये जॉइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले आणि त्यांतून वेगळ्या केलेल्या संयुगाला ‘सोरालेन’ हे नाव मिळाले. पुढे 1947 मध्ये इजिप्तमधील फाहमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आत्रीलालमधून त्याच कुळातील संयुगे अलग केली, आणि 1948 मध्ये कैरोचे त्वचारोगतज्ज्ञ अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ती कोडाच्या रुग्णांवर वापरल्याचे निष्कर्ष मांडले. हजारो किलोमीटर अंतरावर वाढणाऱ्या, भिन्न कुळांतील दोन वनस्पतींमधून एकाच घराण्याचे रेणू निघाले होते.

हा रेणू करतो काय? सोरालेन चपटा आहे. डीएनएच्या शिडीतील दोन पायऱ्यांच्या मध्ये तो सरकून बसू शकतो. अंधारात तो तेथे फारसे काही करीत नाही. परंतु 320 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडला की चित्र पालटते. या पट्ट्यातील एका फोटॉनची ऊर्जा साधारण 3.1 ते 3.9 इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ती शोषून उत्तेजित झालेला सोरालेन डीएनएमधील थायमिनशी रासायनिक बंध जोडतो, आणि कधी कधी शिडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना शिवून टाकतो. यातून पेशींमध्ये घडणाऱ्या प्रतिक्रियांपैकी एक म्हणजे रंगपेशींचे विभाजन, स्थलांतर आणि मेलॅनिनची वाढलेली निर्मिती. कोडाच्या डागात रंग परतू लागतो तेव्हा तो पुष्कळदा केसांच्या मुळांभोवती ठिपक्याठिपक्यांनी उगवतो, कारण तेथे रंगपेशींचा राखीव साठा शिल्लक असतो.

म्हणजे येथील तपकिरी रंग खरा आहे, शरीराने स्वतः तयार केलेला आहे. पण त्याची किंमत डीएनएने मोजलेली आहे. सोरालेन आणि अतिनील प्रकाश यांची ही जोडी ‘पुवा’ या नावाने 1970 च्या दशकात सोरायसिससाठीही जगभर रूढ झाली. दीर्घकालीन निरीक्षणांतून तिच्यामुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही सिद्ध झाले. मेथॉक्सीसोरालेन आणि अतिनील प्रकाश यांचा एकत्रित वापर आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत मोडतो. याचा अर्थ हा उपचार त्याज्य ठरतो असा नव्हे. मात्रा मोजून, वैद्यकीय देखरेखीखाली त्याने अनेकांना आराम मिळाला आहे. भारतात दिव्याऐवजी सूर्यप्रकाश वापरण्याची ‘पुवासोल’ ही पद्धत रुळली, कारण ती स्वस्त होती. अडचण ही की सूर्यावर मात्रा ठरवण्याचे बटण नसते. अतिनील प्रकाशाची तीव्रता तासागणिक, ऋतूगणिक, ढगागणिक बदलते. म्हणूनच स्वतःच्या मनाने बावचीचे तेल चोळून उन्हात बसलेल्या माणसाच्या अंगावर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात.

ही चूक केवळ घरगुती उपचारांची नाही. प्रसाधन उद्योगानेही ती केली. बर्गॅमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलात सोरालेनच्याच घराण्यातील बर्गॅप्टेन असते. या तेलाचे अत्तर लावून उन्हात गेल्यास मानेवर अत्तराच्या ओघळासारखेच तपकिरी पट्टे उमटतात, याची वैद्यकीय नोंद 1916 मध्ये झाली होती. तरीही पुढे युरोपात हेच तेल त्वचा ‘लवकर तपकिरी करणारे नैसर्गिक द्रव्य’ म्हणून सनटॅन तेलांत मिसळले गेले. अखेर 1995 मध्ये युरोपीय संघाने ऊन-संरक्षक आणि तपकिरीकारक प्रसाधनांतील अशा द्रव्यांवर किलोग्रॅममागे 1 मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. ते तेल शंभर टक्के वनस्पतिजन्य होते, याविषयी कधी वाद नव्हता.

आता पहिली वाट. तिचे सर्वांत परिचित उदाहरण आपल्या तळहातावर असते. मेंदीच्या पानांतील लॉसोन हा रेणू त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनाशी थेट बंध जोडतो. त्याला प्रकाश लागत नाही, जिवंत पेशी लागत नाहीत. तो थर झिजून गळला की रंगही जातो. तळहातावर आणि तळपायावर मेंदी अधिक गडद चढते, कारण तेथे हा थर सर्वांत जाड असतो.

मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा. त्वचेच्या वर्णाशी अधिक मिळताजुळता तपकिरी रंग देणारा रेणू वेगळ्याच शोधातून हाती आला. 1898 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गाब्रिएल बर्त्रां यांना असे आढळले की एक विशिष्ट जिवाणू ग्लिसरॉलचे रूपांतर डायहायड्रॉक्सीॲसिटोन, म्हणजे डीएचए या तीन कार्बनच्या साध्या साखरेत करतो. 1912 मध्ये लुई कामीय माइयार यांनी साखर आणि अमायनो आम्ले यांच्या संयोगातून तपकिरी द्रव्ये बनतात, हे दाखवून दिले. भाकरीवरचे तपकिरी डाग, पावाचे कवच, आटवलेल्या बासुंदीची छटा या सर्वांमागे हीच अभिक्रिया असते. या दोन शोधांचा त्वचेशी संबंध आहे हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

तो संबंध 1950 च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एका बालरुग्णालयात जुळला. इव्हा विटगेनस्टाइन या संशोधक ग्लायकोजेनच्या साठवणीचा आनुवंशिक विकार असलेल्या मुलांना डीएचए तोंडावाटे देऊन अभ्यास करीत होत्या. मुलांच्या अंगावर औषध सांडे. काही तासांनी त्वचेवर तपकिरी डाग दिसत. कपड्यांवर मात्र ते उमटत नसत. दुसऱ्या एखाद्याने डाग पुसून काम पुढे चालू ठेवले असते. विटगेनस्टाइन यांनी ते द्रावण स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिले. हेलेन बेरी यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध 1960 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्वचेच्या मृत थरातील प्रथिनांचे अमायनो गट आणि डीएचए यांच्यात माइयार अभिक्रियाच घडत होती, केवळ चुलीच्या उष्णतेऐवजी शरीराच्या उष्णतेवर.

त्याच सुमारास अमेरिकी बाजारात डीएचएची पहिली प्रसाधने आली आणि आजही उन्हाविना तपकिरी करणाऱ्या बहुतेक सर्व उत्पादनांत हाच रेणू असतो. आज तो प्रामुख्याने जिवाणूंच्या साहाय्याने ग्लिसरॉलपासून बनवतात, आणि ते ग्लिसरॉल वनस्पती तेलांतून मिळवता येते. ‘वनस्पतिजन्य’ या दाव्यात तथ्य असते ते एवढेच. रेणू तयार झाल्यावर त्याच्या रचनेत त्याच्या माहेराची कोणतीही खूण उरत नाही.

डीएचएचा रंग काही तासांत उमटतो आणि चार ते सात दिवसांत, मृत थर गळेल तसा ओसरतो. हा रंग मेलॅनिन नव्हे, त्यामुळे मेलॅनिनचे कामही तो करीत नाही. त्याने मिळणारे ऊन-संरक्षण अत्यल्प असते. 1966 मध्ये फुसारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएचए आणि लॉसोन एकत्र वापरून प्रकाशाने त्रास होणाऱ्या रुग्णांसाठी आवरण तयार करण्याचा प्रयत्न केला होता. मेंदीतील रेणू आणि जिवाणूंनी बनवलेली साखर यांची ती भेट विज्ञानाच्या इतिहासातील एक विस्मृत पान आहे. डीएचए डोळ्यांत, ओठांवर किंवा श्वासावाटे जाऊ नये, ही सूचना मात्र आजही पाळावी लागते.

या सर्व इतिहासाचे महत्त्व कोडाच्या संदर्भात सर्वाधिक जाणवते. जगातील सुमारे 0.5 ते 2 टक्के लोकांना कोड असते. सावळ्या त्वचेवर ते ठळक दिसते, म्हणून भारतात त्याची झळ अधिक बसते. भाषेनेही या रुग्णांवर अन्याय केला आहे. ‘कोड’ हा शब्द मूळ ‘कुष्ठ’ या शब्दाकडे जातो आणि ‘श्वेतकुष्ठ’ या नावामुळे महारोगाची भीती विनाकारण त्यांच्या वाट्याला आली. वस्तुतः कोड संसर्गजन्य नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला करते, त्यातून ते उद्भवते. तरीही लग्ने मोडतात, मुली फुलबाह्यांचे कपडे घालून उन्हाळे काढतात, आणि हमखास बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींना गिऱ्हाईक मिळत राहते. 1954 च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कोडाचा समावेश आहे, याचा अर्थ अशा जाहिरातींचा उपद्रव सात दशकांपूर्वीच ओळखला गेला होता.

अशा माणसासाठी दोन वाटांमधील भेद व्यवहाराचा असतो. डीएचए डाग झाकते. रोग बरा करीत नाही, पण डीएनएला सोरालेनसारखी शिवणही घालीत नाही. सोरालेन काही अंशी रंग परत आणू शकते; परंतु ते औषध आहे, प्रसाधन नव्हे, आणि त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी लागते. 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रुक्सोलिटिनिब मलम तिसऱ्याच दिशेने, रोगप्रतिकारक यंत्रणेचा हल्ला शमवून काम करते. आणि डाग न झाकता वावरणे हाही ज्याचा त्याचा अधिकार आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनी कोणत्याही ‘नैसर्गिक’ उत्पादनासमोर तीन प्रश्न विचारावेत. हा रेणू त्वचेच्या कोणत्या थरात काम करतो? त्याला प्रकाशाची गरज आहे का? तो कशाशी बंध जोडतो, मृत केराटिनशी की जिवंत पेशीतील डीएनएशी? मेंदी आणि बावची या दोन्ही आपल्या परसातल्या वनस्पती आहेत, दोन्ही परंपरेने आपल्या हाती दिल्या आहेत. या तीन प्रश्नांची त्यांची उत्तरे मात्र एकमेकींच्या अगदी उलट आहेत.