सँगयाँग मोटर कंपनी

दक्षिण कोरियातील एक जुनी मोटारनिर्मिती कंपनी. ‘सँगयाँग’ या कोरियन शब्दाचा अर्थ ‘जोड ड्रॅगन’ असा आहे. सोल या राजधानीच्या दक्षिणेस असलेल्या प्याँगटेक शहरी कंपनीचा मोटारींचा मुख्य कारखाना असून एंजिनांचा कारखाना चांगवान येथे आहे. मार्च २०११ पासून सुमारे दहा वर्षे या कंपनीचे नियंत्रण मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीकडे होते. परदेशी मोटार कंपनीने महाराष्ट्रात कारखाना काढल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रातील कंपनीने कोरियातील मोटार कंपनी विकत घेऊन चालविल्याचे हे एक ठळक उदाहरण होय. मार्च २०२३ पासून ही कंपनी ‘केजी मोबिलिटी’ या नावाने ओळखली जाते.

कंपनीचा उगम कोरियन युद्धानंतरच्या अत्यंत टंचाईच्या काळात झाला. युद्धविरामानंतर काही महिन्यांतच, १९५४ च्या आरंभी, हा डाँग-ह्वान या कारागिराने सोल येथे मोटारदुरुस्तीची एक कार्यशाळा सुरू केली. अमेरिकी लष्कराने टाकून दिलेल्या मालमोटारींचे सांगाडे व एंजिने घ्यावयाची, तेलाची रिकामी पिंपे ठोकून त्यांचा पत्रा सपाट करावयाचा व त्यापासून बसगाडीची काया उभारावयाची, असा हा धंदा होता. त्या काळच्या सोल शहरातील प्रवासी वाहतुकीचा मोठा भार अशा बसगाड्यांनी वाहिला. १९६६ मध्ये या कार्यशाळेतून वाढलेल्या कंपनीने ब्रूनाईला बसगाड्या निर्यात केल्या. ज्या देशात स्वतःचा पोलाद उद्योगही तेव्हा नीट उभा राहिला नव्हता, त्या देशाने केलेली ही निर्यात लहान असली, तरी लक्षणीय होती. १९७७ मध्ये कंपनीस ‘डाँग-आ मोटर’ हे नाव मिळाले व १९७९ मध्ये प्याँगटेकचा कारखाना उभा राहिला.

कंपनीस आजची ओळख मिळाली ती जीपमुळे. शिंजिन ही कोरियन कंपनी १९७४ पासून अमेरिकन मोटर्स या कंपनीच्या सहकार्याने जीपगाड्या बनवीत होती. तिचा हा व्यवसाय पुढे गोह्वा या नावाने चालू राहिला. ‘कोरँडो’ हे गाडीचे नाव याच काळातील होय. १९८४ मध्ये डाँग-आने गोह्वा कंपनी विकत घेतली आणि जीपचा वारसा प्याँगटेककडे आला. येथे महिंद्राच्या इतिहासाशी असलेले साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेल्या या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली होती. एका महायुद्धातून निपजलेल्या एकाच अमेरिकी गाडीच्या या दोन आशियाई शाखा होत्या. त्या एकमेकींस भेटावयास मात्र २०१० साल उजाडावे लागले.

१९८६ मध्ये सिमेंट व खनिज तेल या धंद्यांत असलेल्या सँगयाँग उद्योगसमूहाने डाँग-आ ताब्यात घेतली व १९८८ मध्ये तिला स्वतःचे नाव दिले. ह्युंदाई व किआ यांच्याशी लहान मोटारींत स्पर्धा करणे अशक्य आहे, हे ओळखून कंपनीने चौचाकी चालनाच्या भारदस्त गाड्यांवर भर दिला. १९९१ मध्ये जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझशी तिने तांत्रिक सहकार्याचा करार केला. १९९३ मध्ये निघालेली ‘मुस्सो’ (कोरियन भाषेत गेंडा), १९९६ ची नवी ‘कोरँडो’ आणि १९९७ ची ‘चेअरमन’ ही आलिशान मोटार या सर्वांमागे जर्मन तंत्र होते. सँगयाँगच्या गाडीबद्दल मालकवर्गात जे मत पुढे पक्के झाले, त्याचा पाया याच काळात घातला गेला. ते मत असे, की एंजिन व सांगाडा दीर्घकाळ टिकणारे. बाह्य रूप व आतील सजावट यांत मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या मागे. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या व जनावरांच्या जोडगाड्या ओढण्यासाठी ‘रेक्स्टन’ला पसंती मिळाली, तर तेथील मोटारविषयक लेखकांनी २००४ च्या ‘रोडियस’ या गाडीच्या आकाराची अनेक वर्षे थट्टा केली. दोन्ही मते आपापल्या जागी खरी होती.

गाड्या टिकाऊ होत्या. कंपनी टिकाऊ नव्हती. कर्जावर केलेला विस्तार १९९७ च्या आशियाई आर्थिक अरिष्टात कोसळला व १९९८ मध्ये डेवू समूहाने ती घेतली. पुढच्याच वर्षी डेवू समूह स्वतः बुडाला. धनकोंच्या देखरेखीखाली राहिलेल्या कंपनीने २००१ मध्ये ‘रेक्स्टन’ बाजारात आणली. २००४ मध्ये शांघाय ऑटोमोटिव्ह या चिनी कंपनीने निम्म्याच्या आसपास भागभांडवल घेण्याचा करार केला. नव्या गाड्यांसाठी पुरेसे भांडवल ओतले गेले नाही आणि तंत्रज्ञान मात्र चीनला नेले जात आहे, असा आरोप कामगार संघटनेने केला. चिनी कंपनीने तो नाकारला. २००८ मध्ये इंधनाच्या किंमती चढल्या, पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि जड डीझेल गाड्यांची मागणी एकदम घटली. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितले.

पुनर्रचनेच्या योजनेत २,६४६ कामगारांना, म्हणजे एकूण संख्येच्या एक तृतीयांशाहून अधिकांना, कमी करावयाचे ठरले. मे २००९ मध्ये कामगारांनी प्याँगटेकचा कारखाना ताब्यात घेतला व तो ७७ दिवस आपल्या हाती ठेवला. व्यवस्थापनाने पाणी व वीज तोडली. पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचे द्रव्य ओतले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यारीने उचललेल्या लोखंडी पेट्यांतून विशेष दलाचे जवान कारखान्याच्या छपरावर उतरविले. कामावर ठेवलेले कामगार आणि काढलेले कामगार हे कालपर्यंत एकाच रांगेत काम करीत होते; ते परस्परांविरुद्ध उभे ठाकले, ही या संघर्षातील सर्वांत कटू गोष्ट होय. ६ ऑगस्ट रोजी तडजोड झाली. अखेरपर्यंत आत राहिलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना बिनपगारी रजा व उरलेल्यांना निवृत्ती किंवा बडतर्फी असा तिचा आशय होता. मुंबईचा १९८२ चा गिरणी संप किंवा नागपूरच्या एम्प्रेस मिलचे २००२ मध्ये बंद होणे ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या घटनेचे सामाजिक परिणाम समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बडतर्फ कामगार व त्यांचे कुटुंबीय यांपैकी अनेकांनी आत्महत्या केल्या, काही आजाराने दगावले. २०१८ च्या मध्यापर्यंत अशा मृत्यूंची संख्या ३० झाली होती. ‘स्क्विड गेम’ या २०२१ च्या कोरियन चित्रमालिकेतील नायकाची पार्श्वभूमी या संपावरून सुचल्याचे तिच्या दिग्दर्शकाने सांगितले आहे.

अशा कंपनीस महिंद्राने हात घातला. २३ नोव्हेंबर २०१० रोजी करार होऊन मार्च २०११ मध्ये सुमारे ७० टक्के भाग महिंद्राकडे आले. किंमत ५२२.५ अब्ज वॉन, म्हणजे सुमारे २,१०० कोटी रु. होती. या व्यवहारामागील हिशेब सरळ होता. महिंद्राकडे ट्रॅक्टर व ग्रामीण वाहने यांचा बाजार होता, तथापि एकसंध कायेच्या आधुनिक मोटारीचे तंत्र व पाश्चात्त्य देशांतील विक्रीचे जाळे नव्हते. सँगयाँगकडे या दोन्ही गोष्टी होत्या आणि पैसा नव्हता. २००९ मध्ये जेमतेम ३५ हजारांवर घसरलेली सँगयाँगची वार्षिक विक्री २०१६ मध्ये १,५५,८४४ झाली व नऊ वर्षांनंतर प्रथमच कंपनीस परिचालन नफा झाला. या यशाचे श्रेय मुख्यतः जानेवारी २०१५ मध्ये निघालेल्या ‘टिव्होली’ या लहान गाडीस द्यावे लागते.

भारतात मात्र सँगयाँगच्या नावास रुजता आले नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘रेक्स्टन’ भारतात आली. तिची जुळणी पुण्याजवळील चाकण येथे होत असे. मर्सिडीजच्या तंत्रावरील तिचे पाच सिलिंडरांचे २.७ लिटर डीझेल एंजिन शांत व दमदार होते आणि किंमत स्पर्धकांपेक्षा कमी होती. तरीही तिच्या वर्गातील ग्राहक २००९ पासून मिळणाऱ्या टोयोटाच्या ‘फॉर्च्युनर’कडेच वळत राहिला. याचे कारण गाडीच्या गुणांत शोधण्यापेक्षा भारतीय मालकाच्या हिशेबात शोधणे युक्त ठरेल. विदर्भाचे उदाहरण घेतल्यास, नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, आणि गावोगावच्या शेतकऱ्यास महिंद्राचे नाव ट्रॅक्टर, जीप व ‘बोलेरो’ यांमुळे परिचित आहे. या वाहनांची प्रतिष्ठा एका गोष्टीवर उभी आहे : ती कोठेही बंद पडली, तरी तालुक्याच्या ठिकाणचा मिस्तरी ती चालू करून देतो. रेक्स्टनसारखी थोडक्या संख्येने विकली जाणारी गाडी ही सोय देऊ शकत नाही. तिचा एखादा सुटा भाग हवा झाल्यास तो चाकणहून किंवा थेट कोरियाहून यावयाचा. जुन्या गाडीस चांगली किंमत येईल की नाही ही शंका त्यात मिळविली, म्हणजे वीस लाखांच्या आसपास खर्च करणारा ग्राहक का बिचकला हे कळते. ज्यांनी ती घेतली, त्यांनी तिच्या एंजिनाची वाखाणणी केली. परंतु अशा मालकांची संख्याच थोडी राहिली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये नवी रेक्स्टन ‘अल्टुरस जी-४’ या नावाने व महिंद्राच्या बिल्ल्याखाली आली. सँगयाँग हे नाव गाळण्यात आले, यातच भारतातील त्याच्या प्रतिष्ठेचा कौल होता. नऊ हवापिशव्या, सात गतींची स्वयंचलित दंतचक्रपेटी व सुमारे २७ लाख रु. किंमत असलेली ही गाडी महिंद्राची त्या वेळची सर्वांत महाग गाडी होती. २०२२ च्या अखेरीस तीही बंद झाली.

टिव्होलीची कथा वेगळी आहे. भारतात चार मीटरांपेक्षा कमी लांबी व ठराविक मर्यादेतील लहान एंजिन असलेल्या मोटारींना करात मोठी सवलत मिळते. टिव्होली सुमारे ४.२ मीटर लांब होती. महिंद्राच्या अभियंत्यांनी तिच्या दोन आसांमधील २.६ मीटरांचे अंतर कायम ठेवून मागील भाग आखूड केला आणि लांबी ३,९९५ मिमी.वर आणली. नासिकच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘एक्सयूव्ही ३००’ या नावाने विक्रीस आली. मागील सामानाची जागा अपुरी असल्याची तक्रार मालकांनी केली. ती या कापाकापीची अटळ किंमत होती. उलट जानेवारी २०२० मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या आघात चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी तिला पाच तारे मिळाले, आणि कोरियन सांगाड्याची मजबुती हा तिच्या लौकिकाचा आधार बनला. ग्राहकांपैकी बहुतेकांना तिचे मूळ प्याँगटेकमध्ये आहे, हे ठाऊक नव्हते. महिंद्राने सँगयाँगमध्ये गुंतविलेल्या पैशाचे भारतात फळ मिळाले असेल, तर ते या एका गाडीच्या रूपाने, असे म्हणता येईल.

कोरियात २०१७ पासून तोटा पुन्हा वाढू लागला. डीझेल गाड्यांवरील निर्बंध कडक होत गेले, ह्युंदाई व किआ यांनी टिव्होलीच्या वर्गात नव्या गाड्या उतरविल्या आणि विजेवर चालणारी मोटार तयार करण्यास लागणारे भांडवल सँगयाँगजवळ नव्हते. ३ एप्रिल २०२० रोजी, कोरोना साथीमुळे भारतातील कारखाने बंद असताना, महिंद्राच्या संचालक मंडळाने सँगयाँगमध्ये नवे भागभांडवल घालण्यास नकार दिला. तातडीची मदत म्हणून फक्त ४० अब्ज वॉनपर्यंत रक्कम देऊ केली. मुंबईतील भागधारकांच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता व तो उशिरा झाला, असेच त्यांपैकी अनेकांचे मत होते. प्याँगटेकमध्ये त्याचा अर्थ वेगळा झाला. २००९ मध्ये बडतर्फ झालेल्यांपैकी उरलेल्या ११९ जणांना परत घेण्याचा करार सप्टेंबर २०१८ मध्ये झाला होता. त्यांतील शेवटचे कामगार मे २०२० मध्ये, म्हणजे महिंद्राच्या निर्णयानंतर एका महिन्याने, अकरा वर्षांनी कामावर रुजू झाले. डिसेंबरमध्ये परदेशी बँकांची कर्जे थकली व कंपनीने पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावले.

एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयीन पुनर्वसन सुरू झाले. एडिसन मोटर्स या लहान कोरियन कंपनीशी झालेला विक्रीचा करार पैसे वेळेवर न भरल्यामुळे मार्च २०२२ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी रसायने व पोलाद या धंद्यांतील केजी समूहाने कंपनी घेतली. जुन्या भांडवलाची कपात होऊन महिंद्राची गुंतवणूक जवळजवळ शून्यावर आली. जुलै २०२२ मध्ये निघालेल्या ‘टोरेस’ या गाडीस चांगली मागणी आल्याने नव्या मालकास आरंभीचे बळ मिळाले. २२ मार्च २०२३ रोजी सँगयाँग हे नाव अधिकृतपणे संपुष्टात आले.

२००९ च्या संपाचे कायदेशीर पडसाद मात्र कंपनीच्या नावाहून दीर्घायुषी ठरले. २०१३ मध्ये न्यायालयाने संपकऱ्यांवर ४.७ अब्ज वॉनची नुकसानभरपाई लादली. तेव्हा नागरिकांनी त्या रकमेचा एक लक्षांश, म्हणजे ४७ हजार वॉन, पिवळ्या पाकिटातून पाठविण्याची मोहीम सुरू केली. कोरियात पूर्वी पगार पिवळ्या पाकिटातून दिला जाई, हा त्यामागील संकेत होता. २०१९ मध्ये कोरियन पोलीसप्रमुखांनी संप मोडताना झालेल्या बळाच्या अतिरेकाबद्दल कामगारांची माफी मागितली. संपामुळे झालेल्या नुकसानीसाठी कामगारांवर लादावयाच्या भरपाईस मर्यादा घालणारा ‘पिवळ्या पाकिटाचा कायदा’ कोरियन संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. इकडे एक्सयूव्ही ३०० ची जागा एप्रिल २०२४ मध्ये ‘एक्सयूव्ही ३एक्सओ’ या सुधारित गाडीने घेतली. तिचा मूळ सांगाडा टिव्होलीचाच आहे.