तीन मीटरची चूक

माझी आत्या नागपुरात नाग नदीकाठच्या एका गल्लीत राहते. घर एकमजली. वर गच्ची आहे, पण गच्चीवर जायला जिना नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नदी वस्त्यांमध्ये शिरली. तेव्हा आत्या शेजाऱ्यांच्या जिन्यावर बसून उजाडायची वाट बघत होती.

उपग्रहाच्या फोटोंवरून इमारतींची उंची काढणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. पुरानंतर काही महिन्यांनी मी घरच्या लॅपटॉपवर त्या भागाचा नकाशा केला. ज्या घराला वरचा मजला आहे ते हिरवं, ज्याला नाही ते लाल. आत्याचं घर हिरवं आलं. उंची ६.२ मीटर. म्हणजे दुमजली!

चूक कुठे झाली ते शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

एखाद्या गोष्टीवर न चढता तिची उंची काढायची, हा खटाटोप जुना आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची नोंद त्यावर आहे. त्या भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘लीलावती’त सावल्यांच्या गणितांचं स्वतंत्र प्रकरण आहे, छायाव्यवहार. बारा अंगुळांची काठी, म्हणजे शंकू, जमिनीवर उभा करायचा आणि दिव्याच्या उजेडात पडणारी त्याची सावली मोजायची. मग शंकू थोडा सरकवून पुन्हा मोजायची. दोन जागा, दोन सावल्या, एवढ्यावरून हात न पोचणाऱ्या दिव्याची उंची निघते. यातली मेख ‘दोन जागा’ ही आहे.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली मोजणीही याच तत्त्वावर चालली. जमिनीवर एक रेषा काटेकोर मोजायची, तिच्या दोन टोकांवरून लांबच्या खुणेकडे बघून कोन घ्यायचे, त्रिकोण पुढे जोडत जायचे. त्यासाठी त्याच्यासोबत अर्ध्या टनाचा थिओडोलाइट असायचा. लांबचं दिसावं म्हणून तो टेकड्यांवर, गोपुरांवर चढवावा लागे. २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरकडे येताना, हिंगणघाटला लॅम्बटन वारला. त्याची कबर तिथेच आहे.

पुढे कॅमेरा विमानात बसला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मेडमेनहॅममध्ये एकाच जागेचे दोन कोनांतून घेतलेले फोटो भिंगांखाली शेजारी ठेवून बघत. डोळे दोन असल्यामुळे मेंदूला खोली कळते, तसंच तिथे घरं, झाडं, चिमण्या कागदातून वर उठून दिसत. १९४३ च्या अखेरीस कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ हिने पेनेमुंडेच्या फोटोंत उतरत्या रॅम्पवरचं चिमुकलं विमान हेरलं. ते जर्मनांचं उडतं अस्त्र होतं.

आणि ५ मे २००५ रोजी इस्रोने कार्टोसॅट-१ सोडला. त्यात दोन कॅमेरे. एक २६ अंश पुढे बघणारा, दुसरा ५ अंश मागे. पुढच्याने टिपलेली जागा मागचा कॅमेरा मिनिटाभराच्या आत पुन्हा टिपायचा. पाटणची काठी सरकवायची युक्तीच, फक्त शेकडो किलोमीटर वरून.

आता मर्यादा. या फोटोत एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे २.५ मीटर. दोन फोटो जुळवताना एका पिक्सेलची गफलत झाली, तर उंचीत साधारण ४ मीटरचा फरक पडतो. म्हणजे एक मजला आला किंवा गेला.

मग सावलीवरून काढावी का? नागपुरात २२ डिसेंबरला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य जवळपास ४५ अंशांवर असतो. तेव्हा इमारतीची सावली तिच्या उंचीएवढीच पडते, गणित सोपं. पण २६ मेच्या आसपास, ऐन नवतपात, भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गायब होते. शिवाय दाट गल्लीत सावली जमिनीवर पडतच नाही, ती समोरच्या भिंतीवर चढते.

दुसरी अडचण जमिनीची. झिरो माइलपाशी १९०७ चा बेंचमार्क आहे. तिथली उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर. उपग्रहालाही आधी अशीच, एका ठरावीक पातळीपासूनची छपराची उंची मिळते. त्यातून जमिनीची उंची वजा केली की घराची उंची उरते. पण घराला घर चिकटलेलं असेल, तर वरून जमीन दिसणार कशी? सॉफ्टवेअर तिचा अंदाज बांधतं. आत्याच्या घरामागे मोठा कडुनिंब आहे, त्याच्या फांद्या गच्चीवर आल्या आहेत. प्रोग्रामने झाडालाच मजला समजलं.

माझ्या रिपोर्टमधली सरासरी चूक ३ मीटरच्या आसपास होती. मला ती चांगली वाटली होती. वर्धा रोडवरच्या टॉवरला ३ मीटर म्हणजे काहीच नाही. आत्याचं मात्र अख्खं घरच तेवढं आहे. उंची मोजायची ही विद्या डोंगर, गोपुरं आणि शत्रूचे तळ समोर ठेवून वाढली. बुटकं घर नेमकं मोजायची गरज तिला फारशी पडली नव्हती.

मी नकाशात तिसरा रंग घातला, राखाडी. अर्थ: सांगता येत नाही. जवळपास सगळी गल्ली राखाडी झाली. नकाशा आधीपेक्षा वाईट दिसू लागला, पण खोटं बोलायचा थांबला.

तो आत्याला दाखवला. तिने फोन लांब धरून बघितला.

“उंची राहू दे बाप्पा,” ती म्हणाली. “कोणाच्या घरी जिना हाये, ते दिसते का तुले वरून?”

नाही दिसत. भिंतीच्या आतला जिना कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. पुढच्या रविवारी मी वही घेऊन गल्लीत गेलो आणि पहिल्या घराची कडी वाजवली.